झेपेल असं कुत्रं

मंगल, आज सकाळी तुझे पळायचे बूट धुतले. केतकी म्हणाली होती, बाबा, कुणाला तरी उपयोगी पडतील, देऊन टाकू. देताना चिखलाचे कसे द्यायचे म्हणून मोरीत बसून ब्रशनं घासघासून धुतले, गच्चीत उन्हाला ठेवले, आणि वाळल्यावर ठरवलं की द्यायचे नाहीत. लेकीला अजून सांगितलेलं नाही. ती तुझ्यावर गेलीय, कारण विचारत बसेल.

लोक अजून येतायत. बसतात, चहा घेतात आणि निघताना म्हणतात, ‘सुटल्या बिचाऱ्या.’ मी मान हलवतो, काय करणार? पण मला त्या शब्दाची चीड येते. तुला कुठं सुटायचं होतं? तुला सोमेश्वराच्या देवळापर्यंत पळत जायचं होतं, आणि पळायला सोबत म्हणून एक कुत्रं हवं होतं. जन्मात मागून मागून एवढंच मागितलंस, आणि त्यावरूनसुद्धा मी तुझ्याशी भांडलो. कुठल्या जातीचं घ्यायचं यावरून आपण अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत भांडत होतो, सलाइनच्या बाटलीला साक्षी ठेवून.

दुसरंही एक भांडण होतं, पण ते आपण नीट भांडलोच नाही. मी तुला म्हणालो होतो, तू गेलीस तर मी मागे राहणार नाही. तू त्यावर अवाक्षर बोलली नव्हतीस. मी मात्र बोललो तसा वागायला लागलो. तू गेल्यापासून साखरेची गोळी घेतली नव्हती, ब्लडप्रेशरची नव्हती. केतकी विचारायची, ‘बाबा, गोळ्या?’ मी म्हणायचो, ‘घेतल्या.’ तू असतीस तर डबा उघडून बघितला असतास. त्या पोरीला बापाचं खरं वाटतं.

पन्नाशी ओलांडल्यावर तू पळायला लागलीस तेव्हा आमच्या पंचवटीच्या वाड्यात केवढी खळबळ उडाली होती, आठवतंय? अण्णा, माझा थोरला भाऊ, जन्मभर गंगेवर यजमानांची श्राद्धं केलेला माणूस. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, ‘मंगल पळते म्हणे? कशाच्या मागं?’ मी घरी येऊन तुला सांगितलं तर तू गॅसपाशी उभी राहून इतकी हसलीस की दूध उतू गेलं. मग म्हणालीस, ‘सांगा त्यांना, तुमच्यापासून लांब पळते म्हणून.’ मी काय सांगतोय? मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्या घरात डॉक्टरांचं नाव घेतलं की सगळं सोवळ्यात बसतं.

पहाटे मंगळसूत्र काढून देवघराच्या खुंटीला अडकवायचीस, केस घट्ट बांधायचीस आणि गंगापूर रोडनं निघायचीस. मी पांघरुणातनं गेटची कडी ऐकायचो आणि कूस बदलायचो. परत यायचीस तेव्हा गाल लाल, कपाळावर घाम, आणि तोंडाची टकळी सुरू. कुणाच्या बंगल्यात रंग लागलाय, नदीला पाणी किती आहे, कुठला बगळा कुठं उभा होता. खरं सांगू? मला त्या बगळ्यांचा हेवा वाटायचा. तू मला दिवसभरात जेवढं बघायची नाहीस तेवढं त्यांना बघून यायचीस.

मग तुझी पळायची जोडीदारीण मुलाकडे पुण्याला राहायला गेली आणि तू एकटी पडलीस. त्याच सुमारास कुणाची तरी पहाटे गळ्यातली साखळी ओढली, ही बातमी केतकीपर्यंत पोचली. झालं! तिचा फोन. ‘आई, एकटी जायचं नाही. बाबांना ने, नाहीतर कुत्रा पाळ.’ तू फोन कानाला लावून माझ्याकडे बघितलंस. मी पोह्यांवर दुसऱ्यांदा शेव घेत होतो. तू शांतपणे म्हणालीस, ‘कुत्राच बघू.’

आपल्याकडे मुलगी बघायला जातात तशी आपण कुत्री बघायला जायला लागलो. रविवार, इस्त्रीचे कपडे. समोरची माणसं चहा द्यायची, मग आतून कुत्र्याला घेऊन यायची. मी त्याचा वंश विचारायचो आणि तू म्हणायचीस, ‘ते असू द्या, पळतं कसं ते दाखवा.’ एका बंगल्यात त्यांनी कुत्र्याचा छापील वंशवृक्ष समोर ठेवला. आई, बाप, आजा, पणजा. मी म्हणालो, ‘एवढंच? आमच्या घरी यजमानाच्या सात पिढ्या निघतात.’ तो गृहस्थ बिचारा घाबरला, त्याला वाटलं मला स्थळ पसंत नाही. परत येताना गाडीत तू म्हणालीस, ‘अहो, तुम्ही कुत्रं बघताय का जावई?’

पण माझंही काही चूक नव्हतं गं. आमच्या वाड्यात कुत्र्याला ओट्यावरसुद्धा जागा नव्हती, चुकून शिवलं तर आंघोळ. आणि तुमच्या सायखेड्याच्या मळ्यात कुत्र्याला ताटातली भाकरी घातल्याशिवाय तुझे वडील उठत नसत. एका घरात ही दोन माणसं इतकी वर्षं नांदली, हेच मोठं. नांदलो कसले, तू नांदवलंस. माझ्या आईनं तुझ्या हातचं खायला किती वर्षं लावली, आणि तू कधी त्याचा उच्चार केला नाहीस. मला आता वाटतं, मी कुत्र्याचा वंश विचारायचो तेव्हा तुला काहीतरी लागत असणार. तू बोलली नाहीस, आणि मला तेव्हा कळलं नाही.

येवल्याचा दिवस मात्र मी विसरणार नाही. संपतनं, तुझ्या धाकट्या भावानं, त्याच्या ओळखीतल्या एका कांदेवाल्याचं नाव सांगितलं होतं. त्याच्या मळ्यात कारवान जातीची कुत्री होती. लांब पाय, बारीक कंबर, तोंड असं निमुळतं. त्यानं एकाला सोडलं आणि शिट्टी मारली. ते जे सुटलं ते कांद्याच्या वाफ्यांच्या कडेकडेनं चारी बाजू फिरून आपल्यापाशी परत, आणि धापसुद्धा नाही. मी कुत्र्याकडे नाही, तुझ्याकडे बघत होतो. तू लग्नाच्या शालूकडे बघावं तशी बघत होतीस. ‘हे,’ तू म्हणालीस. ‘बाकी काही नको. हे.’

मी म्हणालो, ‘याच्या बरगड्या दिसतायत. लोक म्हणतील, विमा ऑफिसातनं रिटायर झाले, पेन्शन पुरत नाही वाटतं.’

‘तुमच्या पोटाकडे बघून असं कुणी म्हणणार नाही,’ तू म्हणालीस. तो कांदेवाला इतका हसला की मला राग आला आणि मी हट्टाला पेटलो. घर लहान, गंगापूर रोडला रहदारी केवढी, हे मोकळ्या रानातलं जनावर, सुटलं तर कोण धरणार? मुद्दे बरोबर होते सगळे, पण मी ते मुद्द्यासाठी बोलत नव्हतो. येवल्याला जाऊन पैठणीच्या दुकानात पाऊलही न टाकता परत आलेली तू पहिलीच बाई असशील. वाटेत मी म्हणालो, चल, एखादी बघू तरी. तू म्हणालीस, ‘पैठणी नेसून पळता येत नाही.’

मग लॅब्रेडॉरचं निघालं. गंगापूर रोडला काय, दर तिसऱ्या गेटात लॅब आहे. मला तो पसंत होता, शांत, खाण्यापिण्याचा शौकीन, कुणाच्या अंगावर न जाणारा. तू म्हणालीस, ‘असा एक आहे माझ्याकडे.’ शिवाय तो लवकर तापतो, उन्हाळ्यात चार पावलांत जीभ बाहेर. तरी तू विचार करत होतीस. आणि त्याच आठवड्यात तुझं पोट दुखायला लागलं, आणि रिपोर्ट आले.

रिपोर्टांनंतरचं मला लिहवत नाही. तुझे केस गेले त्या दिवशी तू आरशासमोर उभी राहून म्हणालीस, ‘बांधायचं काम वाचलं.’ मी हसलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. नळाचा आवाज कशासाठी असतो ते तुला कळत होतं, पण तू दार कधी वाजवलं नाहीस. तुला भीती वाटते का, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. विचारायचं होतं, रोज. तू ‘हो’ म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? म्हणून मी कुत्र्यावर बोलायचो. तूही कुत्र्यावर बोलायचीस.

केमोच्या खुर्चीत पडल्या पडल्या मोबाइल छातीशी धरून तुझा अभ्यास चालायचा. आता लॅबही मागे पडला. ‘बीगल कसा वाटतो?’ मी म्हणालो, ‘त्याचं नाक जमिनीवरनं उठत नाही. तो पळणार नाही, प्रत्येक खांबाशी पंचनामा करत चालणार.’ ‘चालू दे की,’ तू म्हणालीस, ‘माणसालाही जरा उभं राहायला मिळतं.’ मग ते लांबुडकं, आखूड पायांचं डॅशहाउंड आलं. मग पग. पगचं तूच रद्द केलंस, त्याला उन्हात श्वास पुरत नाही म्हणालीस. तिथल्या सिस्टरला वाटायचं, काका-काकू पुढच्या महिन्यात कुत्रा आणतायत. ‘फोटो दाखवा हं काकू,’ म्हणायची. तू म्हणायचीस, ‘दाखवते ना.’

कारवान, लॅब, बीगल, डॅशहाउंड. मंगल, कुत्र्याचे पाय आखूड आखूड होत चालले होते आणि मी ते बघत होतो. मी मनात म्हणायचो, हिला आता तेवढंच झेपणार हे हिला कळलंय. आधी सोमेश्वर, मग कोपऱ्यापर्यंत, मग गेटपर्यंत. मला ते सहन व्हायचं नाही. म्हणून मी प्रत्येक जातीला नावं ठेवायचो. पसंत केलं असतं तर तू कुठवर आलीस हे मान्य केल्यासारखं झालं असतं.

आणि तसंच एकदा, ड्रिप चालू असताना, मी बोलून गेलो. म्हणालो, ‘हे बघ, तू गेलीस तर मी काही मागे राहायचा नाही. गोळ्या बंद करीन, आपोआप होईल काय ते. मी येतोच तुझ्या मागोमाग.’ मला वाटलं, तुला बरं वाटेल. काय मूर्ख माणूस! तुझा चेहरा असा झाला की शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं मान फिरवली. तुझा तो राग मला ओळखीचा होता. त्या रागात तू सायखेड्याची व्हायचीस, ‘लय झालं आता’ म्हणायचीस आणि मग घरात चार दिवस अबोला. त्या दिवशी तेही म्हणाली नाहीस. मोबाइल पुन्हा छातीशी धरलास. मग म्हणालीस, ‘बीगलचे कान दर आठवड्याला साफ करावे लागतात म्हणे. तुम्हाला जमेल?’

मला वाटलं, विषय बदललास.

मग तू गेलीस. पहाटे गेलीस, तुझ्या नेहमीच्या वेळेला. त्याबद्दल अजून लिहिणार नाही.

दहावा गंगेवर अण्णानं स्वतः केला. त्याचा आवाज दोनदा अडला. जन्मात कुणाच्या दहाव्याला अडला नसेल. तेराव्यानंतर तुझ्या माहेरचे दुखवटा घेऊन येणार, असा निरोप होता. आमच्यात याचं एवढं नसतं, पण तुमच्याकडची रीत मला माहीत आहे. सोयऱ्यांनी यायचं, माणसाला नवं कापड द्यायचं, डोक्यावर टोपी घालायची आणि हाताला धरून घराबाहेर काढायचं. निदान कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत तरी न्यायचं. म्हणजे दुःख संपत नाही, पण माणूस उंबऱ्याबाहेर पडतो. मी म्हणालो होतो, येऊ देत, टोपी घालू देत, एकदा काय ते होऊन जाऊ दे.

संपत आला तो द्राक्षांचं क्रेट घेऊन. वर टॉवेल झाकलेला. घरात अण्णा होता, वहिनी होत्या, केतकी होती. त्यानं क्रेट माझ्या पायापाशी ठेवलं आणि क्रेटमधून कुईं असा आवाज आला. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या.

‘दाजी,’ संपत म्हणाला, ‘टोपी नाय आणली, कापड नाय आणलं. ताईनं बजावलं होतं. म्हणली, दुखवट्याला कापड आणशील तर कपाटात पडून राहील, तो माणूस घराबाहेर निघायचा नाय. मळ्यातलं पिल्लू आण. दाजींना झेपंल असं बघून आण.’

‘कधी? कधी म्हणाली?’ मी विचारलं.

‘लय दिवस झाले. पहिल्या केमोच्या टायमाला. दर फोनला तेच. दाजींना साखर हाय, गुडघे हायेत, सकाळी उठत नाय, अशा माणसाला कोणतं कुत्रं चालंल? मी म्हणलं, ताई, तू मोबाइलात बघ, मला आपलं मळ्यातलंच कळतं. शेवटी म्हणली, तुझंच बरं.’

मला तुझा इतका राग आला, मंगल, इतका राग आला म्हणून सांगू! अगं, स्वतःचा दुखवटा स्वतः ठरवून जातं का कुणी? मी तिथं बसून तुझ्या पायांतलं बळ मोजत होतो, आणि तू माझ्या गुडघ्यांसाठी कुत्री चाळत होतीस? बीगल माझ्यासाठी होता? तो आखूड पायांचा माझ्यासाठी होता? मी तुझ्या तोंडावर मरणाची भाषा केली आणि तू मला त्याचे कान साफ करायला जमतील का विचारत होतीस! ओरडायला तोंड उघडलं आणि रडू आलं. अण्णासमोर, वहिनींसमोर, हमसून हमसून रडलो. गंगेवर आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. केतकीनं मला धरलं. ते पिल्लू टॉवेल ओढून बाहेर आलं आणि माझ्या पायाचा वास घ्यायला लागलं.

सगळे अण्णाकडे बघत होते. घरात कुत्रं, तेही सुतक फिटल्यावर लगेच. अण्णानं उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, ‘दुखवटा परत पाठवत नाहीत.’ मग सवय कुठं जाते? त्यानं विचारलंच, ‘बाप कोण याचा?’

संपत म्हणाला, ‘आई आपली मळ्यातली, अण्णा. बापाचं काय सांगावं? वस्तीवर लय जण येत्यात.’

केतकी हसली. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णासुद्धा हसला. तू गेल्यापासून या घरात पहिल्यांदा हसू आलं, आणि ते तुझ्याच नावानं आलं. वंशाचा प्रश्न तू असा मिटवलास. आता जातीवरनं भांडायला जागाच उरली नाही.

मग संपतनं माझा हात धरला आणि मला बाहेर काढलं. पिल्लू माझ्या दुसऱ्या हातात. मारुतीपर्यंत जाईतो त्यानं माझा शर्ट ओला केला. मी सोवळ्यातल्या घरचा माणूस, मला काही वाटलं नाही. देवळाच्या पायरीवर बसलो तर संपत म्हणाला, ‘ताई म्हणली होती, दाजी रडले तर रडू द्यायचं, पण परत आणताना चालत आणायचं, रिक्षा नाय करायची.’ म्हणजे रिक्षाचासुद्धा विचार करून ठेवला होतास तू.

पिल्लू आता घरात रुळलंय. तांबडं आहे, एक कान उभा, एक पडलेला. नाव मात्र तू ठरवून ठेवलं नाहीस, संपतला म्हणालीस म्हणे की त्यांना काहीतरी करू दे. मला सुचत नाही. या घरात तुला न ओळखणारा तो एकटाच आहे. आम्ही सगळे दारातून आत येताना क्षणभर थांबतो, तो थांबत नाही. कधी त्याचा राग येतो, कधी त्याच्यापाशीच बरं वाटतं. काल त्याला सांगत बसलो होतो, तू कशी होतीस ते. त्यानं ऐकून घेतलं आणि माझी चप्पल पळवली.

आज त्याला डॉक्टरांकडे नेलं, सुया टोचायला. मी विचारलं, ‘हे पळायला कधी लागेल?’ डॉक्टर म्हणाले, ‘काका, वर्षभर पळवायचं नाही हं. हाडं कोवळी असतात. रोज नुसतं चालवायचं, थोडं थोडं वाढवत न्यायचं. वर्षानं पळू दे.’ मी म्हणालो, ‘आणि मग?’ ‘मग काय,’ ते म्हणाले, ‘मग तुम्हाला पळवेल. असली गावरान कुत्री चिवट असतात, भरपूर जगतात.’

हे तुला माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. महिनोन्‌महिने दुसरं काय वाचत होतीस? लहान पिल्लूच दे म्हणून संपतला सांगितलंस ते उगाच नाही. म्हणजे वर्षभर मी त्याला चालवायचं. मग ते पळायला लागणार, आणि तेव्हा त्याच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं. केतकी पुण्याला परत जाणार. अण्णा काही धोतर सावरत पळायचा नाही.

घरी येऊन त्याला दूध दिलं आणि दोन्ही गोळ्या घेतल्या. केतकी ओट्यापाशी उभी होती, तिनं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. पाण्याचा पेला माझ्या हातातनं घेतला, एवढंच. मग मी दोरी बांधून त्याला घेऊन निघालो, कोपऱ्याच्या पुढं थोडा गेलो. दम लागला. तो बसला तेव्हा मीही कुणाच्या तरी कट्ट्यावर बसलो. सोमेश्वर अजून फार लांब आहे गं.

मी तुला शब्द दिला होता, तू न मागता दिला होता, आणि तो मी मोडतोय. रागावणार नाहीस हे माहीत आहे, तरी तुला सांगायला हवं. वाट बघू नकोस. मला यायला उशीर होईल, मंगल. खूप उशीर होईल.